तांबडी खुडूक बसलीय, अंडी ठेवू का नको

नवरात्रात आमच्याकडे नऊ दिवस अंडं शिजत नाही. कोंबड्यांना काय त्याचं, त्या आपल्या देतच राहतात. एरवी मी रोज संध्याकाळी अंडी उचलते पण यावेळी घट, पाहुणे, लेकीची परीक्षा या सगळ्यात ते राहूनच गेलं, आणि मागच्या स्टोअररूमच्या दाराशी जुनं टोपलं आहे त्यात अंडी साचत गेली. आठव्या माळेच्या दिवशी सकाळी दाणे टाकायला गेले तर चार कोंबड्या धावत आल्या आणि पाचवी आलीच नाही. तांबडी टोपल्यात बसून होती. हात पुढे केला तर सगळी पिसं फुगवून एवढी मोठी झाली, घशातून खुर्रर्र आवाज काढला आणि मनगटावर सण्णकन चोच मारली. एरवी ही कोंबडी माझ्या मांडीवर येऊन बसते.

तरी मी हळूच तिच्या पोटाखाली हात घातला. ज्यांनी घातलाय त्यांना माहीत आहे ती ऊब कशी असते. छातीखालची पिसं तिनं स्वतःच उपटून काढली होती, उघडी कातडी थेट अंड्यांना लागलेली, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटलं मला. खाली चौदा अंडी होती.

आई (माझ्या सासूबाई) मागून बघतच होत्या. "खुडूक बसली थे. आता कायले हात लावून राहिली तिले, नाई उठत थे."

तर आता प्रश्न असा की बसू द्यायचं का उठवायचं. गावाकडे हा प्रश्न कोणाला पडत नसेल, पण नागपुरात मानेवाड्याकडे घराच्या मागं पंधरा बाय वीसच्या जागेत पाच कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला पडतो, आणि मला तर फारच पडला, कारण दोन वर्षांपूर्वी मी हाच डिसिजन एका मिनिटात घेतला होता आणि तो मला अजून बोचतो. त्याच्याबद्दल खाली लिहिते.

आधी थोडं खुडूक म्हणजे काय ते, कारण मला बरेच जण विचारतात की आजारी पडली का. आजारी नसते. कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, अंडी देणं बंद होतं आणि बसणं सुरू होतं. टोपल्यात अंडी साचलेली दिसली, पोटाला लागली, की हे व्हायला जोर मिळतो, म्हणजे आमच्या नवरात्रानंच तांबडीला बसवलं असं म्हणायला हरकत नाही. दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटं, घाईघाईनं खाते, पाणी पिते, एक भलीमोठी घाण वासाची शी करते, मातीत लोळते आणि परत जाऊन बसते. फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांमधून हा गुण पिढ्यानपिढ्या निवड करून काढूनच टाकलाय, बसली की अंडी बंद आणि अंडी बंद म्हणजे धंदा बंद, म्हणून. आपल्या गावरान कोंबडीत तो अजून पक्का आहे. गावरान वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि लेयर (फार्मवरची अंड्यांसाठीची कोंबडी) तीनशेच्या आसपास, या फरकात खुडूक बसण्याचा पण वाटा आहे.

आणि दुसरी गोष्ट. तांबडीच्या खालच्या त्या चौदाही अंड्यांतून काहीही निघणार नव्हतं, कारण आमच्याकडे कोंबडाच नाही. ती बिचारी एकवीस काय एकतीस दिवस बसली असती तरी काही झालं नसतं. हे मी लेकीला सांगितलं तर तिचा चेहरा असा पडला. तिला पिल्लं पाहिजेच होती, पहिल्या दिवसापासून. नवऱ्याचं म्हणणं, मागच्या वेळचं विसरली का तू. आणि आईंचं म्हणणं, "बसली त बसू दे, अंडे आणून टाक खाली, त्यात काय एवढं इचार करून राहिली."

मागच्या वेळचं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी माझी दुसरी कोंबडी, कवडी, बसली होती. तेव्हा कोंबडा होता आमच्याकडे, म्हणजे अंडी फळलेली होती, मी खुश, बाराच्या बारा तिच्या खाली ठेवली आणि मोकळी झाले. आई तेव्हा गावी होत्या, त्या असत्या तर त्यांनी ठेवूच दिली नसती, उन्हाळ्यात अंड्यावर बसवू नाही हे त्यांचं पक्कं आहे. खुराडं टिनाच्या पत्र्याचं. नागपूरचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या आसपास, घरात कूलर लावून आपण बसतो तरी दुपारी जीव घाबरा होतो. अंड्याला पाहिजे असतात साडेसदतीस-अडतीस डिग्री. कोंबडी अंडी गरम ठेवू शकते, पण भोवतीची हवाच चव्वेचाळीस-पंचेचाळीस असली तर ती गार कशी ठेवणार? कवडी चोच उघडी टाकून धापा टाकायची, पंख अंगापासून दूर धरायची, आणि तरी उठायची नाही. मी पत्र्यावर ओली पोती टाकली, वाळ्याची जुनी ताटी बांधली, दिवसातून चार वेळा पाणी मारलं. दुपारी एक ते चार काय होत असेल ते मला ऑफिसमध्ये बसून दिसत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली. बाकीच्या नऊ अंड्यांची मी दोन दिवस वाट बघितली. मग एकेक करून फोडली. चार अंड्यांत पूर्ण तयार पिल्लू होतं, पिसं आलेली, नखं आलेली, एकानं तर कवचाला आतून टोचा मारून एक बारीक चीर पण पाडली होती आणि तिथंच राहिलं होतं. ते मी हातात घेऊन किती वेळ बसले होते मला माहीत नाही. कवडीचं वजन एवढं उतरलं होतं की छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागायचं.

तीनमधलं एक चौथ्या दिवशी पाण्याच्या वाटीत पडून गेलं. मी स्टीलची खोल वाटी ठेवली होती. पिल्लांना उथळ थाळीत पाणी द्यायचं आणि त्यात खडे टाकायचे, म्हणजे चोच बुडते पण पिल्लू बुडत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. ती मला नंतर कळली.

राहिलेल्या दोघांमध्ये एक कोंबडी निघाली, आत्ताची काळी, आणि एक कोंबडा. तो मोठा झाल्यावर आमच्याकडे दोन कोंबडे झाले, पहाटे चार वाजता एक इकून आरवायचा की दुसरा तिकून उत्तर द्यायचा. आमच्या लाइनमध्ये भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारच्या काकूंच्या घरी आजारी माणूस होतं, त्यांनी दोनदा चांगल्या शब्दांत सांगितलं आणि तिसऱ्यांदा त्या रडकुंडीला आल्या होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती. दोन्ही कोंबडे आम्ही विकले. कोणाला विकले आणि त्यांचं काय झालं हे लेकीनं विचारलं तेव्हा मी विषय बदलला, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं.

म्हणून यावेळी मी तांबडीला तशीच बसू दिली, पण डिसिजन फायनल व्हायच्या आधी चार दिवस विचार केला.

नाही म्हणायचं असतं तर सोपं आहे तसं. तिला खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवायचं, जमिनीपासून थोडं वर, आत गवत नाही, टोपलं नाही, दाणापाणी भरपूर. खालून हवा लागते, पोट गार पडतं आणि तीन-चार दिवसांत डोक्यातून बसणं जातं. मग आठवडा-दोन आठवड्यांत परत अंड्यावर येते. जितक्या लवकर कराल तितकं लवकर सुटतं. गावाकडे पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात, ते मी करणार नाही आणि कोणी करू पण नये, जाळीचा पिंजरा असताना गरजच नाही त्याची. आणि काहीच न करता तिला रिकाम्या टोपल्यावर बसू देणं, हे सगळ्यात वाईट. खाणं कमी, वजन उतरतं, अंगात उवा-पिसवा होतात आणि हाती काही नाही. बसवायची तर नीट बसवायची, नाहीतर लगेच उठवायची.

हो म्हणायची कारणं पण होती. माझ्या पाचातल्या दोन आता म्हाताऱ्या झाल्यात, कधी ना कधी नवीन पाहिजेतच. बाजारातून रस्त्यावर पाटीत घेऊन बसतात ती पिल्लं आणायची मला हिंमत होत नाही. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून मी बाहेरचा पक्षी घरात आणताना दहा वेळा विचार करते. कुठून आलं, कशासोबत राहिलं, काही माहीत नसतं. ओळखीच्या ठिकाणची अंडी आपल्याच कोंबडीखाली उबवली तर ती भीती बरीच कमी होते. आणि आईसोबत वाढलेलं पिल्लू वेगळंच असतं, खरं सांगते. बल्बखाली वाढवलेल्या पिल्लाला प्रत्येक गोष्ट आपण शिकवायची, आणि इथं कोंबडी टक् टक् करून एक दाणा उचलते टाकते उचलते टाकते, की सगळी तिच्या चोचीखाली जमा. घार दिसली की एक वेगळाच आवाज काढते, आणि एका सेकंदात सगळी पोटाखाली गायब.

पण माझा प्रश्न तिथं नव्हताच अडकला. पिल्लं तर काढील तांबडी, ऋतू पण चांगला आहे. अडकला होता तो कोंबड्यांवर, म्हणजे नर. साधारण अर्धी पिल्लं नर निघतात, हे कोणालाही बदलता येत नाही, आणि अंडं बघून नर का मादी ते सांगता येत नाही, कोणी लांबट अंडं नर आणि गोल अंडं मादी सांगतात त्यात काही तथ्य नाही. आठ अंडी ठेवली, सहा निघाली, तर तीन कोंबडे धरायचे. ते चार-पाच महिन्यांचे झाले की आरवणार, एकमेकांना मारणार, कोंबड्यांची पाठ सोलणार. पिल्लं गोड असतात ते दीड महिना. त्यानंतरचे महिने कोणाच्या अंगणात जाणार हे अंडी ठेवायच्या आधी ठरलेलं पाहिजे, आणि ठरत नसेल तर अंडी ठेवायची नाहीत. एवढंच मी मागच्या वेळी केलं नव्हतं.

मोठ्या नणंदेला फोन केला. त्यांचं कळमेश्वरच्या पुढे शेत आहे, तिथं वीस-पंचवीस गावरान कोंबड्या, तीन कोंबडे मोकळे फिरतात. म्हटलं ताई, अंडी द्याल का, पण एका अटीवर मागते, जेवढे कोंबडे निघतील तेवढे मी तुमच्याकडे आणून सोडणार. त्या म्हणाल्या, "हाव, आण ना. पण पाय बरं, माझ्याकडे आले म्हणजे मग थे शोभेले नाई राहत. दिवाळी, पोळा, पाहुणे, कधी ना कधी कापल्या जातीन."

हे मी लेकीला जसंच्या तसं सांगितलं. ती दहा वर्षांची आहे. म्हटलं, पिल्लं निघाली तर त्यातले कोंबडे आत्याकडे जातील, तिथं मोकळे राहतील काही महिने, आणि मग ते खाल्ले जातील. आपण पण चिकन खातो. तुला हे चालणार असेल तरच ठेवू. ती त्या रात्री काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "ठेव. पण कोंबडे कोणते ते कळेपर्यंत नाव नाही ठेवायचं कोणाचं." मला जे म्हणायचं होतं ते तिनंच म्हटलं.

मग एक गोष्ट राहिली, ती म्हणजे दिवाळी. दसऱ्याला अंडी ठेवली असती तर एकविसावा दिवस बरोब्बर पाडव्याच्या आजूबाजूला येतो, म्हणजे पिल्लं कवच फोडत असताना बाहेर सुतळी बॉम्ब. ती वेळ फार नाजूक असते. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नसतो, कोंबडीला उठवायचं नसतं, पिल्लू आतमध्ये फिरून चोच वरच्या हवेच्या बाजूला आणतं आणि कोंबडी त्याच्याशी बोलत असते, खरंच बोलते, अगदी हळू आवाजात, आणि आतून चिवचिव येते. त्या वेळी कोंबडी घाबरून फडफडली तर पायाखाली काय होईल सांगता येत नाही. म्हणून मी पाच दिवस थांबले. खालची चौदा अंडी काढली, त्यातली चारच पेन्सिलीनं फुली मारून तिच्याखाली राहू दिली, नुसती तिला बसतं ठेवायला. कोजागिरीला खरी अंडी ठेवली तर एकविसावा दिवस भाऊबीजेनंतर चार दिवसांनी. लक्ष्मीपूजनाला पंधरावा दिवस असेल, तेव्हा अंडी आतून धडधाकट असतात, कोंबडी पाच-दहा मिनिटं उठली तरी निभावतं. शिवाय टोपलं आता स्टोअररूमच्या आत घेतलंय, दार बंद, खिडकीला पोतं. आईंनी टोपल्याच्या तळाशी एक लोखंडी खिळा पण ठेवलाय, वीज कडाडली न् मोठा आवाज झाला तर अंडी खराब होऊ नाही म्हणून. ठेवू दे, त्यांच्या आईनं पण ठेवलाच असेल.

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीसाठी सगळीकडून लोक येतात, तिकडचे रस्ते बंद असतात, म्हणून नणंदेकडे मी दोन दिवसांनी गेले. त्यांनी आठ दिवसांच्या आतलीच अंडी वेगळी काढून ठेवली होती, फ्रिजमधली नाही, माठाजवळच्या गार कोपऱ्यातली. फार मोठी, फार लहान, वाकडी, खरबरीत कवचाची सगळी बाजूला केली. धुतली नाहीत, कवचावर एक नैसर्गिक थर असतो तो धुतला की जंतूंना वाट मिळते. स्टीलच्या डब्यात तांदळाचा कोंडा भरून टोकाची बाजू खाली करून बारा अंडी रचली आणि डबा पूर्ण रस्ता मांडीवर धरला, फुटाळ्यापर्यंत नवरा वीसच्या वर गाडी नेईना. घरी आल्यावर एक दिवस तशीच शांत ठेवली, प्रवासानं आतलं सगळं हललेलं असतं ते बसू द्यायचं. बारातून आठ निवडली. गावरान कोंबडीखाली दहा-बारा मावतात पण कडेची गार पडतात, आणि मला बारा पिल्लं नकोच आहेत.

लसीचं पण बोलून घेतलंय. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय कॉलेजात ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांनी सांगितलं तेच, सातव्या दिवसाच्या आत राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लासोटा लस, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला परत लासोटा, पुढे देवीची. अडचण अशी की लसीची बाटली शंभर डोसची येते, फोडली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. सहा पिल्लांसाठी बाटली फोडायची म्हणजे उरलेली फेकायची. नणंदेकडे पण एक कोंबडी बसवलीय, दोन्हीकडच्या तारखा जुळवल्या, एका रविवारी एकच बाटली. पैशाचं जाऊ द्या, राणीखेत आला की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं, लस सोडायची नाही.

आणि मुंगूस. मागच्या नाल्यातून येतो, बोटभर फटीतून डोकं घालतो. स्टोअररूमच्या दाराखालची फट काल नवऱ्यानं बारीक जाळी ठोकून बंद केली. बाकीच्या कोंबड्या पण आत जायला नकोत, नाहीतर त्या तांबडीच्या टोपल्यात नवीन अंडी टाकत बसतात, मग काही अंडी एकविसाव्या दिवशी आणि काही पंचविसाव्या, आणि तांबडी पहिली पिल्लं घेऊन उठून जाणार, मागची तशीच राहणार.

आज कोजागिरी. रात्री साडेनऊला गच्चीवर दूध आटत होतं, आई ढवळत होत्या, आणि मी आणि लेक खाली स्टोअररूममध्ये. अंडी अंधारातच बदलायची, रात्री कोंबडी शांत असते. लेकीनं मोबाईलचा टॉर्च भिंतीकडे धरला, मी तांबडीला एका हातानं थोडं उचललं, फुलीवाली चार काढली आणि एकेक करून आठ सरकवली. खुर्रर्र केलं पण चोच नाही मारली. एक अंडं कडेला राहिलं होतं. तिनं मान लांब केली, चोच अंड्याच्या पलीकडच्या बाजूला टाकली आणि हनुवटीनं ओढत ओढत आत घेतलं, मग अंग दोन-तीनदा हलवून नीट बसली. लेक म्हणाली, "आई, तिला मोजता येतं?"

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरून बघायचंय, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे ठिपका दिसला तर धरलंय. आई आत्तापासूनच सांगून राहिल्या की शेवटच्या आठवड्यात मडक्यात ओलं पोतं आणि शेण घालून बाभळीखाली पालथं घालायचं, रात्रभरात उधई (वाळवी) भरते, पिल्लांना त्याच्यासारखं खाणं नाही.

पाण्यासाठी उथळ मातीची परात आणलीय. लेकीनं कुंड्यांमधले खडे वेचून धुतले, ते खिडकीत वाळत टाकलेत.